पडदा पडल्यानंतरचे बालगंधर्व

मागच्या वर्षी हॉस्टेल डेला आमच्या विंगने एकांकिका बसवली आणि तिच्यातलं बाईचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारणं तीन. एक, माझी उंची बेताची. दोन, सेकंड इयरला येऊनही मिशा नीट फुटलेल्या नाहीत. आणि तीन, मी नाही म्हणायच्या आतच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेसच्या मावशींनी स्वतःचं लुगडं दिलं, नेसवूनही दिलं, वर निऱ्या सांभाळत जिना कसा उतरायचा याची दोन दिवस प्रॅक्टिस करून घेतली. एकांकिकेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या रात्री मी विंगचा हिरो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट घेऊन मेसच्या रांगेत उभा राहिलो, तर मागून कोणीतरी वहिनी अशी हाक मारली. सगळे हसले, मीही हसलो. आठवडाभर मजा वाटली. मग ती हाक कॉरिडॉरमध्ये, वर्कशॉपमध्ये, अगदी व्हायवाच्या रांगेतही ऐकू यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी मेसला मुद्दाम उशिरा, गर्दी ओसरल्यावर जातोय. गार वरण आणि उरलेल्या पोळ्या खातोय. कशासाठी? तर ज्या कामाला याच लोकांनी बक्षीस दिलं, त्या कामासाठी!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आमचं गाव तळोदा. नंदुरबारला उतरायचं, एस.टी. पकडायची, तापीवरचा हातोड्याचा पूल ओलांडायचा, की समोर सातपुडा दिसायला लागतो. जेवताना बक्षिसाचं सांगितलं आणि वहिनीचंही सांगून टाकलं. आजोबा हसले नाहीत. आकाशवाणी जळगावचं नाट्यसंगीत ऐकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की आधी बालगंधर्वांचं चरित्र वाच आणि मग ठरव लाजायचं कोणी ते.

म्हणून हा लेख. सबमिशनच्या दिवसांत लायब्ररीतून मराठी पुस्तक नेताना ग्रंथपाल सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं, तेही इथे नमूद करून ठेवतो.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. राजहंस घराणं सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचं. पण आम्हा खानदेशी लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हा मुलगा लहानपणी जळगावला राहिला आणि मेहबूबखान नावाच्या उस्तादांकडे तिथेच गाणं शिकला. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं. ते नाव असं चिकटलं, की नारायण राजहंस हे नाव फक्त कागदोपत्री उरलं. टोपणनावं आमच्या हॉस्टेलमध्येही चिकटतात. पण कोण देतो आणि कशासाठी देतो यावर बरंच अवलंबून असतं.

त्या काळी नाटकात बायका काम करत नसत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यातली शकुंतलासुद्धा पुरुषच होता. बाईचं काम करणाऱ्या नटांमध्ये भाऊराव कोल्हटकरांचं नाव सर्वांत मोठं. ते १९०१ मध्ये वारले आणि किर्लोस्कर मंडळी उघडी पडली. ती पोकळी या मुलाने भरून काढली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं पाठबळ मिळालं आणि १९०५ मध्ये मिरजेला सतरा वर्षांचा नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला. आपल्याकडे या वयात मुलं सीईटीचे फॉर्म भरतात!

इथून पुढची जवळजवळ पन्नास वर्षं या माणसाची जिंदगी प्रवासात गेली. नाटक कंपनी म्हणजे चालतं-फिरतं हॉस्टेलच समजा. नट, साथीदार, आचारी, गडी, पडदे, पेट्या, दागिने, सगळं बरोबर. एका गावी मुक्काम पडायचा, महिना-दोन महिने खेळ व्हायचे, मग बिऱ्हाड उचलून पुढचं गाव. मुंबई, पुणे, बडोदा, बेळगाव, नागपूर, खानदेश, वऱ्हाड. प्रत्येक नव्या गावात पहिल्या रात्री तेच घडायचं. समोर अनोळखी माणसं, त्यांना पक्कं माहीत की हा पुरुष आहे, आणि पडदा वर गेल्यावर दहा मिनिटांत ती माहितीच विसरून जायची.

हे कसं जमत असेल? मला एक लुगडं तीन तास सांभाळता आलं नाही. बालगंधर्वांनी बाईची नक्कल केली नाही, असं त्यांच्याबद्दल वाचताना सतत जाणवतं. कंबर लचकवणं, आवाज चोरणं, डोळे मिचकावणं या हुकमी हशा मिळवणाऱ्या गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. घरातली बाई कशी बसते, लाजते, रागावते, पदर कधी सावरते, हे त्यांनी मनापासून पाहिलं होतं. ज्याची टिंगल करायची त्याच्याकडे माणूस एवढ्या बारकाईने बघत नाही. उलट झालं असं, की घरातल्या बायकाच त्यांच्यासारखं नेसायला लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळायला लागल्या. ते बाईच्या वेशात एका हळदीकुंकवाला जाऊन आले आणि कोणाला पत्ताही लागला नाही, असा किस्सा अजूनही सांगितला जातो. खरा असो वा नसो, लोकांना तो खरा वाटतो यातच सगळं आलं.

१२ मार्च १९११ ला खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. भामिनी होऊन उभे राहिले, हसले, गायले. ही गोष्ट नेहमी निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र वाचताना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला फटीग आठवला. एका मोठ्या ओझ्याने जो दांडा मोडत नाही, तो लहान ओझं पुन्हा पुन्हा दिल्यावर मोडतो, आणि चीर आत कुठे पडली ते बाहेरून दिसत नाही. घरी एक बाप आणि स्टेजवर एक तरुणी, हे ओझं या माणसाने किती रात्री उचललं असेल!

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं. त्यात बालगंधर्वांची रुक्मिणी आणि भास्करबुवा बखल्यांच्या चाली. पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर सगळी टीम टॉपची. लक्षात घ्या, माईक नाही, अँप्लिफायर नाही, स्पीकर नाही, आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतोय. शालू खरे भारी, अत्तर खरं, खोटं काही चालायचं नाही. प्रेक्षकांना ते मायबाप मानत आणि मायबापांना हलकं काही द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

याच शालू-पैठणीच्या माणसाने १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तल्या सिंधूसाठी साधं जुनेर लुगडं नेसलं. नवरा दारूपायी घर धुळीला मिळवतो, त्या घरातली ती बाई. नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी पहिल्या प्रयोगाच्या आधीच, जानेवारीत वारले होते. ज्या लोकांनी बालगंधर्वांचं रूप बघायला तिकिटं काढली, तेच लोक आता त्या जुनेराकडे पाहून रडत होते. दारुड्याच्या बायकोचं दुःख एका पुरुषाने अंगावर घेतलं आणि हजारो पुरुषांना ते दिसलं. मला वाटतं हे त्यांचं सर्वांत मोठं काम.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. इकडे गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर होता. हिशेब हा बालगंधर्वांचा विषय नव्हता, आमच्यातल्या काहींचा एम-थ्री नसतो तसाच. पण हात वर करून मोकळं होण्याचा रस्ता त्यांनी घेतला नाही. गावोगाव खेळ केले आणि कर्ज फेडलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. २०११ मध्ये सुबोध भावेंचा सिनेमा आला तेव्हा नव्या पिढीलाही ती कळली. माझं खरं काम इथून पुढे आहे.

आधी तळोद्याची एक आठवण सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. आमच्याकडे आदिवासी भागात सोंगाड्या पार्टी असते. रात्रभर खेळ चालतो. गाणी, नाच, विनोद, आणि बायकांची कामं साडी नेसलेले पुरुष करतात. सातपुड्यातल्या होळीतही बाईचं सोंग घेतलेला नाचणारा असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. मी सहावी-सातवीत असताना एक खेळ पाहिला होता. त्यातल्या नाचणाऱ्याला लोकांनी भरभरून पैसे दिले. सकाळी तोच माणूस चहाच्या टपरीवर आला. अंगात शर्ट-पँट, पण डोळ्यांत अजून काजळ होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाकावर जागा होती, तरी तो उभ्यानेच चहा पिऊन गेला. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांमध्ये मीही होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

बालगंधर्वांच्या बाबतीत ती सकाळ उतारवयात आली.

१९३० नंतर बोलपट आला. नाटकांची गर्दी सिनेमाकडे वळली. बालगंधर्व प्रभात कंपनीत गेले आणि १९३५ च्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, विषय अस्पृश्यतेचा, सगळं उत्तम. पण तीस वर्षं ज्याला रुक्मिणी आणि सिंधू म्हणून पाहिलं, त्याला धोतर-उपरण्यात पुरुष म्हणून बघायला लोक तयार नव्हते. एका चित्रपटानंतर ते परत फिरले. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात ते मीरा झाले, तेव्हा पन्नाशी उंबरठ्यावर होती. आणि आता लोकांना त्यांच्यातली बाईही नको होती. शरीर सुटलं होतं, आणि कॅमेरा तर कोणाचीच गय करत नाही. म्हणजे बघा, पुरुष म्हणून नको आणि बाई म्हणूनही नको. मग या माणसाने जायचं कुठे?

तोवर रंगभूमीवर बायका आल्या होत्या, आणि यायलाच हव्या होत्या. गंधर्व मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या बालगंधर्वांचंच गाणं गळ्यात घेऊन आल्या होत्या. त्या नायिका झाल्या आणि बालगंधर्व पुरुष भूमिकांकडे वळले. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. गोहरबाईंबरोबरच्या सहजीवनावर लोक खूप बोलले. धर्मावरून बोलले, पैशांवरून बोलले. कधीकाळी ज्यांच्या घरात याच्यासारखा गजरा माळला जायचा, तेही बोलले. पुढे पायांनी दगा दिला. उभं राहता येईना, तेव्हा बसून भजनं गायली. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६४ मध्ये पद्मभूषण. गोहरबाईही १९६४ मध्येच गेल्या. १९६२ मध्ये पुण्यात नव्या नाट्यगृहाचं भूमिपूजन त्यांच्या हातून झालं होतं. पण १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले आणि त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं ते २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिवशी.

कोणी म्हणेल, ही म्हातारपणाची गोष्ट आहे, सगळ्याच नटांची होते. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला मला लायब्ररीतच सापडलेल्या दुसऱ्या एका प्रवासी माणसाची मदत झाली. ती गोष्ट अगदी उलटी आहे.

जेम्स बॅरी नावाचे ब्रिटिश लष्करी डॉक्टर होते. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये त्यांचा जन्म मुलगी म्हणून झाला, नाव मार्गारेट. तेव्हा मुलींना डॉक्टर होता येत नसे. १८०९ मध्ये जेम्स या नावाने ते एडिंबराला शिकायला गेले आणि १८१२ मध्ये डॉक्टर झाले. तिथून मरेपर्यंत पुरुष म्हणूनच जगले. केप टाउनमध्ये १८२६ साली त्यांनी पोट चिरून एक बाळंतपण केलं. आई आणि मूल दोघंही वाचली, हे त्या काळी फार दुर्मीळ. १८३१ नंतर त्यांची नेमणूक कॅरिबियन बेटांवर झाली, आधी जमैका, पुढे त्रिनिदाद. प्रत्येक नव्या बंदरावर लोक पाहायचे, की ठेंगणा, बारीक आवाजाचा, गुळगुळीत गालांचा एक अधिकारी बोटीतून उतरतोय. कुजबुज व्हायची. बॅरी भांडकुदळ होते, ऐकून घेत नसत. पण सैनिक, कैदी, महारोगी यांना स्वच्छ पाणी आणि चांगलं अन्न मिळावं म्हणूनही ते तितकंच भांडायचे. १८६५ मध्ये लंडनला ते वारले. अंगाला शेवटचं पाणी घालणाऱ्या बाईने जे पाहिलं ते बाहेर सांगितलं आणि पन्नास वर्षांची डॉक्टरकी बाजूला पडून फक्त शरीराची चर्चा उरली.

एकाने उजेडात बाई होऊन दाखवलं, एकाने आयुष्यभर कोणाला काही दाखवलं नाही. दोघांना एक करायचा माझा विचार नाही. बालगंधर्व संसारी पुरुष होते, बाईपण ही त्यांची कला होती. त्यांच्यावर आजचं एखादं लेबल चिकटवणं बरोबर नाही. बॅरी स्वतःला काय समजत होते, हे त्यांच्या जगण्यातूनच घ्यायचं. पण बघणारे लोक दोन्हीकडे सारखेच आहेत. आमची करमणूक होतेय, आमचं काम होतंय, तोवर ये. ते संपलं की आम्ही तुला निरखणार, नाव ठेवणार आणि बाकावर जागा असली तरी बसू देणार नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहिताना जरा जड जातंय.

आमच्या हॉस्टेलला एक ज्युनिअर होता. नाव लिहीत नाही, ब्रँचही नाही. त्याचं चालणं-बोलणं हळुवार होतं. हात हलवत बोलायचा. तो कधी स्टेजवर चढला नाही, त्याने साडी नेसली नाही, त्याला बक्षीस मिळालं नाही. त्याला नाव मात्र माझ्याआधीच मिळालेलं होतं. मला वहिनी म्हणायला लागले तेव्हा मी काय केलं असेल? मी त्याला जास्त मोठ्याने हाक मारायला लागलो. म्हणजे लोकांचं लक्ष माझ्यावरून उडावं. साधा हिशेब होता आणि तो बरोबरही आला. दुसऱ्या सेमिस्टरला माझी हाक बंद झाली आणि तो हॉस्टेल सोडून गावात खोली घेऊन राहायला गेला. घरून पैसे जास्त मागवावे लागले असणार. कारण म्हणून त्याने मेसचं जेवण लिहून दिलं. मेसचं जेवण काही इतकं वाईट नाही.

आजोबांनी विचारायला लावलं होतं, की लाजायचं कोणी. उत्तर मला मिळालंय.

गेल्या महिन्यात मी त्याच्या खोलीवर गेलो. माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो, ते काही तोंडातून निघालं नाही. त्याने चहा केला. खोलीत एकच खुर्ची होती, ती मला दिली आणि स्वतः गादीवर बसला. मी मशीन डिझाइनच्या नोट्स मागितल्या, खरं तर मला त्या नको होत्या. निघताना त्याला एवढं सांगितलं, की यंदा हॉस्टेल डेला ये, मी परत बाईचं काम करतोय. तो येतो किंवा नाही, हा त्याचा प्रश्न.

तुम्हा सगळ्यांना मात्र सांगतो. लुगडं पुन्हा मावशींचंच आहे. काम आवडलं तर टाळ्या वाजवा, नाही आवडलं तर वाजवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला, आठ वाजता मेसच्या रांगेत असेन. आणि माझ्या मागे किंवा पुढे कोणी हळुवार बोलणारा मुलगा उभा असेल, तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी